एंटर दाबेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. आमच्या वऱ्हाडात प्रोग्राम म्हटलं की माणसं आधी जेवण कुठे आहे ते विचारतात, म्हणून सुरुवातीलाच खुलासा करतो. माझ्यात जेवण नाही, सत्कार नाही, शाल-नारळही नाही. मी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर राहतो. मला चित्रं नाहीत, रंग नाहीत, बोट लावायला बटणं नाहीत. एक प्रश्न उमटतो, त्याच्या शेवटी एक पांढरी रेघ लुकलुकते, आणि ती रेघ म्हणजे माझा कान. तुम्ही टाइप करता, मी ऐकतो. ऐकलेलं साच्यात बसवतो. माझा जन्मच त्यासाठी आहे.

मी काम करतो वलगावच्या शंकरपटात. ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन बैल, त्यांच्यामागे एक हलकी छकडी, छकडीवर जीव मुठीत धरून उभा असलेला एक धुरकरी आणि समोर सरळ, नांगरून दाबलेली धाव, म्हणजे पळायची पट्टी. झेंडा पडला की जोडी सुटते, आणि तुम्ही तोंडातला घास गिळेपर्यंत शर्यत संपलेली असते. त्या तेवढ्या वेळासाठी माणसं वर्षभर बैलाला स्वतःच्या पोरांपेक्षा चांगलं खायला घालतात. पोरांचीही त्याला हरकत नसते.

माझा जन्म अकोल्याचा. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये, ऐन एप्रिलात. अकोल्याचा एप्रिल काय असतो ते मी सांगायला नको. लॅबमध्ये कॉम्प्युटरसाठी एसी होता आणि मुलांसाठी दार उघडं होतं. तिथे वलगावचा किशोर शेवटच्या वर्षाला होता. त्याचे वडील खुशालराव पट समितीचे अध्यक्ष. तेव्हा पटात वेळ तोंडी घ्यायचे. एकजण हातातलं घड्याळ दाबायचा आणि ओरडून सांगायचा. लगेच दुसरा त्याच्याहून मोठ्याने वेगळी वेळ सांगायचा. शर्यत सात सेकंदांची आणि भांडण संध्याकाळपर्यंत. शेवटी खुशालराव मुलाला म्हणाले, "चार वर्षांपासून शिकून राहिला तू. आमच्या पटासाठी काही कर ना बे."

किशोरने मला केलं. समितीने धावेच्या दोन्ही टोकांना डोळा बसवलेलं विजेचं घड्याळ आणलं आणि त्या घड्याळावरची वेळ नोंदवायला मला बसवलं. माझा साचा सोपा होता. आधी मालकाचं नाव, मग गाव, मग सेकंद. म्हणजे एक शब्द, आणखी एक शब्द आणि एक आकडा. एका ओळीत टाइप करायचं, एंटर दाबायचं, की मी ते उचलून यादीत लावतो, मंडपाबाहेरच्या फलकावर उमटवतो आणि पावती छापतो.

आता माझी वाचायची पद्धत समजून घ्या, कारण पुढे सगळं तिच्यावरच अडलं. मी एकेक अक्षर घेत जातो. मध्ये मोकळी जागा आली की शब्द संपला असं समजतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. उरलेली अक्षरं मी फेकून देत नाही. ती माझ्या दारात उभी राहतात. पुढचा प्रश्न विचारला की तीच आधी आत शिरतात. मला असंच शिकवलं होतं, आणि शिकवलेलं सोडून काही करायची आमच्या जातीत सोय नाही.

मला तयार करून किशोर सुट्टीत घरी आला आणि ओसरीवर बसून त्याने माझी परीक्षा घेतली. हाताशी जी नावं होती ती त्याने टाकली. खुशालराव, वलगाव. काका चंद्रभान, वलगाव. शेजारचे सूर्यभान, वलगाव. आजी पार्वताबाई, वलगाव. पार्वताबाईंकडे बैल नव्हते, तरी त्यांना साडेसहा सेकंद मिळाले आणि त्या पहिल्या आल्या. मी एकदाही चुकलो नाही. चुकणार कसा? तिथे राव, भान आणि बाई हे सगळं नावाला चिकटूनच येत होतं. त्या घरात, त्या गल्लीत, मोकळी जागा असलेला माणूसच नव्हता. किशोरला वाटलं, सगळं जग तपासून झालं.

पहिल्या वर्षी माझं कौतुक काय सांगू! मॉनिटरला हार घातला. कीबोर्डला हळदकुंकू लावलं, त्यामुळे काही दिवस 'के' अक्षर दाबलं की बोट लाल व्हायचं. जोडी धावली की पावती बाहेर, आणि पावतीशी कोण भांडणार? खुशालरावांनी तर माइकवरून नियमच जाहीर केला. कॉम्प्युटरने घेतली तीच वेळ खरी. तोंडी वेळ बाद. पुढे मोबाइल आले तेव्हा घड्याळाचे फोटोही बाद झाले, कारण एका गृहस्थाने भलत्याच जोडीचा फोटो आणून बक्षीस मागितलं होतं.

त्याच पहिल्या वर्षी चांदूर बाजारहून अब्दुल सत्तार आपली जोडी घेऊन आले. नावात दोन शब्द, गावात दोन शब्द. किशोरने टाइप केलं आणि मी अडखळलो. बाहेर पंगत बसली होती, वेळ थोडा होता. किशोरने मला दुरुस्त करण्याऐवजी सत्तारभाईंना दुरुस्त केलं. 'सत्तार, चांदूर' असं टाकलं. मी चटकन घेतलं. मग दरवर्षी तो तसंच टाकत गेला, इतकं सवयीने की आपण काही कापतो आहोत हेही तो विसरला. सत्तारभाई काही बोलले नाहीत. फलकावर अर्धंच नाव दिसलं की माणूस सहसा काही बोलत नाही. पुढच्या वेळी येतो आणि पुन्हा अर्धं नाव वाचतो.

मग मधली काही वर्षं पटच बंद पडले. न्यायालयात वाद चालला होता. मित्रांनो, उपेक्षा म्हणजे काय ते मी तेव्हा भोगलं. किशोरचे किशोरसर झाले. त्यांनी अमरावतीला गाडगेनगरात कॉम्प्युटरचे क्लास काढले, आणि मी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये 'जुनं' नावाच्या कप्प्यात धूळ न बसता धूळ खात राहिलो. सर शिकवायचे चांगलं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे की वापरणारा काय टाइप करेल याचा भरवसा धरायचा नाही. शब्दावर थांबायचं नाही, पूर्ण ओळ घ्यायची आणि मग स्वल्पविराम पाहून तिचे तुकडे करायचे. शब्दावर थांबणं ही अडाण्याची चूक, असं ते दरवर्षी नव्या मुलांना सांगायचे. मी त्याच खोलीत, त्याच कॉम्प्युटरच्या पोटात होतो. मला वाटायचं, आता सरांना माझी आठवण येईल. सर फळा पुसायचे आणि डबा उघडायचे.

परवानगी मिळाली आणि पट परत सुरू झाले. चाबूक बंद झाला, डॉक्टर बैल तपासू लागले, बाकी धूळ तीच, आरडाओरडा तोच, आणि मंडपात मीही तोच.

मागच्या वर्षी सत्तारभाईंची बादल आणि सुलतान ही जोडी पहिली आली. फलकावर मी उमटवलं, 'सत्तार, चांदूर'. आता आमच्या जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर बाजार आणि एक चांदूर रेल्वे, आणि दोन्हींना स्वतःचा अभिमान भरपूर. फलकाचा फोटो मोबाइलवरून फिरला आणि फटाके फुटले चांदूर रेल्वेत. तिथे सत्तार नावाचे एक टेलर होते. लोकांनी त्यांना दुकानातून उचलून खांद्यावर घेतलं आणि गुलाल उधळला. त्यांच्याकडे बैल नव्हता, शिलाई मशीन होतं. पण माणूस दिलदार. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

ही गोष्ट चांदूर बाजारला पोचली तेव्हा सत्तारभाई पोट धरून हसले. हसून झाल्यावर मात्र ते गोठ्यात गेले आणि बादलच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. हे मला त्यांच्या नातीकडून कळलं. नगमा तिचं नाव. लेकीची लेक. अमरावतीत राहून शिकते आणि संध्याकाळी किशोरसरांच्या क्लासला येते. सरांना ती सांगत होती, मी ऐकत होतो.

या वर्षीची गोष्ट अशी की बादल म्हातारा झाला. डॉक्टरांनी यंदा धावू दिलं, पण पुढे नको म्हणून बजावलं. एका दिवशी एकच धाव, तीही शेवटची. सत्तारभाईंची इच्छा फार मोठी नव्हती. बादल शेवटचा धावेल तेव्हा माइकवरून नाव पूर्ण यावं, अब्दुल सत्तार, चांदूर बाजार. मग लोकांना कळेल की हा बैल कोणाच्या गोठ्यातला. ही इच्छा त्यांनी समितीला सांगितली नाही. नातीला सांगितली.

पटाच्या दिवशी घड्याळाची वायर कोणाच्या तरी ट्रॅक्टरखाली आली. किशोरसर ती जोडत फिरत होते, म्हणून माझ्यासमोर त्यांनी नगमाला बसवलं. सूचना एवढीच दिली, "मालक, गाव, सेकंद. टाइप करायचं, एंटर मारायचं." नाव कापायचं हे सांगायचं राहिलं. जी गोष्ट इतकी वर्षं हात आपोआप करत आला, ती तोंडाला कुठून आठवणार?

मंडप जोडी सुटण्याच्या रेघेजवळच होता. घड्याळाचे लाल आकडे माझ्या डोक्यावरच्या फळीवर दिसायचे, आणि पुढची जोडी सुटली की पुसले जायचे. सकाळपासून मी रंगात होतो. डफडी वाजत होती. रसवंतीच्या चरकापेक्षा खुशालरावांचा माइक जास्त घरघरत होता. एकेक जोडी सुटत होती, धुळीतून पार होत होती, नगमाची बोटं चालत होती आणि मी पावत्या काढत होतो. आलेले सगळे मालक एका शब्दाचे, गावं एका शब्दाची. वलगावच्या सूर्यभानांची जोडी सगळ्यांत शेवटी सुटायची होती. गेल्या वर्षी ते दुसरे आले होते, आणि दुसरं येणं त्यांना अजून पचलं नव्हतं. त्यांच्या आधी नंबर बादल-सुलतानचा.

छकडीवर सत्तारभाईंचा मुलगा परवेज उभा होता. सत्तारभाई मंडपाच्या खांबाला धरून उभे राहिले. झेंडा पडला.

मी पळताना पाहिलं नाही, मित्रांनो, मला डोळे नाहीत; दिसलेलं जे सांगतो ते नगमाकडून ऐकलेलं. पण ऐकलं. आधी खुरांचा आवाज सुटासुटा आला, मग तो एकच झाला, जसं ताडपत्रीवर हरभऱ्याचं पोतं ओतावं. डफडी थांबली. वाजवणारे पाहत राहिले असावेत. माणसं ओरडायचंही विसरली. मग पलीकडून एकदम असा कल्ला उठला की माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली थरथरली. डोक्यावर लाल आकडे थांबले, सात सेकंद एकतीस. दिवसभरात एवढी कमी वेळ कोणाचीच नव्हती.

नगमाने नीट, सावकाश टाइप केलं. अब्दुल सत्तार चांदूर बाजार सात एकतीस. आजोबांचं नाव कोणतीही नात टाइप करेल तसंच, पूर्ण. आणि एंटर मारलं.

मी मालक घेतला, अब्दुल. मोकळी जागा आली, थांबलो. गाव विचारलं, तर दारात सत्तार उभे होते. मी त्यांना गाव म्हणून घेतलं. मग सेकंद विचारले, आणि आत आलं चांदूर. चांदूरचे सेकंद किती होतात? मला काही ते आकड्यात बसवता येईना. साच्यात बसेना म्हणून मी ते आत घेतलं नाही, आणि परत फेकायला शिकलो नव्हतो. ते दारातच उभं. मी पुन्हा विचारलं, "सेकंद?" दारात चांदूर. "सेकंद?" चांदूर. "सेकंद?" मी थांबेना. काळा पडदा वरपासून खालपर्यंत एकाच प्रश्नाने भरून वाहू लागला, लग्नाच्या मांडवाला सोडलेल्या लाइटच्या माळेसारखा.

नगमाने हाक मारली. सर वायर टाकून धावत आले. खुशालरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि माइक तोंडाशी नेला. "कॉम्प्युटरले चक्कर आली आहे. कोनी गर्दी करू नका, त्याले हवा येऊ द्या." हे ऐकून जे लांब होते तेही जवळ आले.

सरांना एका नजरेत सगळं कळलं. तोंडावरून घाम पुसत ते हळू आवाजात नगमाला म्हणाले की बंद कर, परत चालू कर आणि 'सत्तार, चांदूर' एवढंच टाक, काम होईल. ते खोटं नव्हतं. काम झालं असतं. मला तेवढंच येत होतं.

नगमाचा हात कीबोर्डवर थांबला. "सर, मागच्या वर्षी एवढंच टाकलं होतं," ती म्हणाली. "बैल आमचा पळाला अन् गुलाल टेलरवर पडला."

बाहेर गलका वाढत होता. सूर्यभानांची जोडी रेघेवर आली होती, बैल जमीन उकरत होते. झेंडेवाला इकडे बघून हात हलवत होता. ती जोडी सुटली असती तर डोक्यावरचे सात एकतीस पुसले गेले असते, आणि पावती नसलेली वेळ म्हणजे नसलेली धाव. बादलला दुसऱ्यांदा पळवायचं नव्हतं. पळवतो म्हटलं असतं तरी सत्तारभाईंनी पळवलं नसतं.

ते खांब सोडून पुढे आले. नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "टाक बेटा, जेवढं बसते तेवढं टाक. बादल पळाला, लोकायनं पाह्यलं. नावाचं काय घेऊन बसली?"

ते असं इतक्या सहज बोलले की सगळ्यांना पटलं. सरांना पटलं, खुशालरावांना पटलं. फक्त नगमाला पटलं नाही, कारण तिने त्यांना गोठ्यात बसलेलं पाहिलं होतं. तरी आजोबांचा शब्द. तिने मला बंद केलं, परत चालू केलं. मी कान टवकारून विचारलं, मालक? तिची बोटं 'एस'वर जाऊन थांबली.

तेवढ्यात रेघेवरून आवाज आला. सूर्यभान बैलांच्या वेसणी दोन्ही हातांत धरून मागे रेलले होते, आणि तिथूनच बोलत होते. तीस एकर काळ्या जमिनीच्या मालकाला माइक लागत नाही.

"काहून थांबले?"

खुशालरावांनी सांगितलं की सत्तारभाईंचं नाव कॉम्प्युटरला मोठं होतंय, कमी करून घेत आहोत, दोन मिनिटं.

"कमी नका करू," सूर्यभान म्हणाले. "मागच्या वर्षी मी याइच्यामागं दुसरा आलो. गावात सांगतलं सत्तार चांदूर. तवापासून लोक मले म्हनते का सूर्यभान रेल्वे टेसनाले हारला. पूर्ण नाव घाला. हारलो त कोनाले हारलो हे मले सांगता आलं पायजे."

"वेळ लागंल, भाऊ," खुशालराव म्हणाले. "तुमचे बैल तापतीन."

"तापू द्या. मी धरून आहो ना."

हे बोलणं किती मोठं होतं ते पट न पाहणाऱ्यांना कळणार नाही. रेघेवर आलेली जोडी थांबवणं म्हणजे उकळी आलेल्या दुधावर झाकण ठेवणं. बैल आधी सुटायला उसळतात, मग घामाने डबडबतात, आणि मग त्यांची ओढ मातीत जिरते. सूर्यभानांना ते सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी फक्त पाय रोवले आणि सांगितलं, "लवकर करजा पन."

आता सरांना पळवाट राहिली नाही. इतकी वर्षं क्लासमध्ये पोरांच्या चुका काढणारा माणूस दोनशे माणसांकडे पाठ करून माझ्यासमोर बसला. त्यांनी माझं पोट उघडलं. किती वर्षांनी उघडलं! आत त्यांचंच जुनं अक्षर, अकोल्याच्या एप्रिलातलं. मागून सल्ले येत होते. एकजण म्हणाला, वायर काढून परत लावा. दुसरा म्हणाला, त्यावर थोडं पाणी मारा. सर माझ्या ओळी वरखाली करत होते, सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं.

"सर," नगमा अगदी हळू म्हणाली, "पूर्ण ओळ एकदम घ्यायची. मग स्वल्पविरामावर तोडायची. तुमीच शिकवलं."

सरांनी मान वर केली नाही. पण त्यांचे कान लाल झाले, आणि बोटं चालू लागली. मोकळ्या जागेवर थांबायचं, हे त्यांनी पुसून टाकलं. त्याऐवजी लिहिलं की एंटर येईपर्यंत सगळं घे, मग स्वल्पविराम शोध, पहिल्या तुकड्यात मालक, दुसऱ्यात गाव, शेवटच्यात सेकंद. आणि शेवटचा तुकडा आकडा नसला तर तो बाहेर काढ आणि माणसासारखं एकदाच विचार. मी आतून सगळा बदलत होतो. हाडं तीच, पण ऐकण्याची रीत नवी. मला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता.

त्यांनी मला चालू करायला पाहिलं आणि मी चालू झालो नाही. घाईत एक चिन्ह राहिलं होतं. मंडपात "अरे बाप्पा" असा सामुदायिक उसासा निघाला. बाहेर सूर्यभानांचा एक बैल मागच्या पायांवर उभा राहिला, आणि त्यांनी त्याला नावाने चुचकारत खाली घेतलं. नगमाने पडद्यावर बोट ठेवलं. सरांनी चिन्ह टाकलं.

रेघ लुकलुकली. मी विचारलं.

नगमा टाइप करू लागली. अब्दुल. मोकळी जागा आली. मित्रांनो, इतकी वर्षं त्या जागेवर मी दार लावून घेत होतो. यंदा मी दार उघडं ठेवून वाट पाहिली, आणि पलीकडून सत्तार आले. मग स्वल्पविराम, मग चांदूर, मग पुन्हा मोकळी जागा. मी तरीही वाट पाहिली, आणि बाजार आला. जगात एवढा मोठा बाजार आहे हे मला माहीतच नव्हतं. मग स्वल्पविराम, सात एकतीस, आणि एंटर.

पावती बाहेर आली.

खुशालरावांनी ती हातात घेतली, चष्मा लावला आणि माइकवर वाचली. "अब्दुल सत्तार, चांदूर बाजार. जोडी बादल अन् सुलतान. सात सेकंद एकतीस." प्रत्येक शब्दानंतर ते किंचित थांबत होते, आणि त्या थांबण्यात धावेच्या पलीकडच्या टोकापर्यंत आवाज जाऊन परत येत होता. सत्तारभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि सरळ करून परत घातली. परवेज बैलांना चालवत आणत होता. बादल लंगडत नव्हता, दमला होता. सत्तारभाई त्याच्याजवळ जाऊन त्याच्या कानात काहीतरी बोलले. ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही.

मग सूर्यभान सुटले. त्यांचे बैल थांबून थांबून घामाने काळे झाले होते. तरी असे पळाले की लोक उभे राहिले. लाल आकडे थांबले, सात सेकंद चौतीस.

सूर्यभान परत आले तेव्हा त्यांचं तोंड धुळीने पांढरं झालं होतं. ते थांबले नसते तर काय झालं असतं याचा हिशेब प्रत्येकाने मनात केला होता. सत्तारभाई त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांना काही म्हणायचं होतं, पण सूर्यभानांनी त्यांना बाजूला केलं आणि खुशालरावांच्या हातातला माइक घेतला. जो माइक लागत नव्हता, तो घेतला.

"मी हारलो," ते म्हणाले. "अब्दुल सत्तार, चांदूर बाजार, याइले हारलो. टेसनाले नाही. ज्याले फटाके फोडाचे आहे त्यानं पत्ता लिहून घ्यावा."

मग जो हशा उठला त्यात डफडी पुन्हा सुरू झाली, आणि गुलाल या वेळी टेलरवर पडला नाही. थोडा माझ्या कीबोर्डवर पडला. 'के' अक्षर परत लाल झालं आहे.

त्या दिवसानंतर माझं काम वाढलं. पूर्ण नाव बसतं हे कळल्यावर सगळ्यांना पूर्ण नाव हवं झालं. सूर्यभान स्वतः मंडपात आले आणि त्यांनी वडिलांचं, आजोबांचं, मुक्काम-पोस्टचं आणि तालुक्याचं नाव सांगितलं. नगमाने सगळं टाकलं. मी सगळं घेतलं. खुशालरावांनी नियमात भर घातली की मालकाच्या नावात मालकाच्या सासऱ्याचं नाव चालणार नाही.

मित्रांनो, आता माझं वय झालं आहे. समितीला पुढच्या वर्षी रंगीत अॅप हवं आहे. त्यात बैलाचं चित्र असेल, बोट लावलं की बैल हंबरेल. येऊ द्या. सरांनी मला आता 'जुनं'मधून काढून क्लासच्या पहिल्या धड्यात ठेवलं आहे. मुलांना ते माझी आधीची रीत दाखवतात, मग नंतरची दाखवतात, आणि ही चूक कोणाची ते सांगताना आता अडाणी हा शब्द वापरत नाहीत. बादल चांदूर बाजारला गोठ्यात उभा असतो आणि परवेज नव्या वासराला शिकवतो ते बघत असतो, असं नगमा सांगते.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. तुमच्यातले काही जण उद्या माझ्यासारखे प्रोग्राम लिहितील, काही जण कुठल्या तरी खिडकीमागे बसून लोकांना नाव विचारतील, आणि उरलेले नुसते कोणाच्या तरी समोर बसून त्याचं ऐकतील. कोणाचं बोलणं ऐकताना मध्ये मोकळी जागा आली म्हणून तो संपला असं समजू नका. माणूस तिथे श्वास घेत असतो. पुढचं त्याच्याकडे अजून असतं. थांबा, आणि एंटर त्यालाच दाबू द्या.